गिरो सड्यावर

मासेमारी बंद, म्हणून बर्फही बंद.
वेंगुर्ला बंदरावरच्या कारखान्यात
अमोनियाचा वास तेवढा कामावर होता,
आणि आम्ही चौघं:
कंप्रेसरवाला इनास लोबो,
सुरंगी कुबल, जिची मासळीची टोपली जूनपासून उपडी,
दाजी खोबरेकर, ज्याला खेळायचं नव्हतं आणि घरीही जायचं नव्हतं,
आणि मी, हिशेबनीस.

खोका इनासच्या पोरीने दुबईहून पाठवलेला.
आत सहा खलनायक, करंगळीएवढे:
लांब दातांचा सरदार, पट्ट्या गुंडाळलेला राजा,
लांडगा, टाके घातलेला माणूस,
आणि दोघं, ज्यांना आम्ही ओळखलं नाही.
पट एकच. हिमातला किल्ला.
दाजी म्हणाला, "हय बर्फाक कोण भियता?"

मग आम्ही आमचे पट केले.
माशांच्या खोक्यांची थर्माकोलची झाकणं,
होड्यांवर नावं घालून उरलेला रंग.
तो रंग थर्माकोल खातो.
खाडी त्यामुळे आपोआप खोल झाली.

चकवा मारत नाही.
पोचलो एकदाचे, म्हणून तुम्ही सोंगटी टेकवता
आणि समोर मघाचंच काजूचं झाड.

हाकामारी दारात येते, ओळखीच्या आवाजात,
एकदाच.
ओ दिलीत की डाव गेला.
तिच्या पटावर आम्ही कुणी कुणाचं नाव घेत नसू;
सुरंगी मला "ए हिशेबा" म्हणू लागली
ते तिथूनच चिकटलं.

गिरो खाडीतला. तो मासे देतो.
आणखी देतो. जरा पुढे ये, म्हणतो.
गुडघा, कंबर, गळा: फासा ठरवतो.
त्याचा एक केस हाती लागला
तर मात्र तो जन्मभर तुमची भांडी घासतो.

देवचारावरून भांडण झालं.
"तो वायट नाय," दाजी उठूनच उभा राहिला,
"माझ्या आज्याक तेणां मशाल धरून घराक हाडल्यान."
म्हणून त्याची सोंगटी पटाबाहेर,
मिठाच्या गोणीवर, तोंड दर्याकडे,
पुढ्यात एक विडी.

पुस्तिकेत होतं: कोणताही खलनायक, कोणत्याही पटावर.
एका रात्री चिठ्ठ्या टाकल्या.
गिरो. सडा.

आमचा सडा एप्रिलातला.
जांभा, करपलेलं गवत, एक वाट.
गिऱ्याचे तीन नियम, तिन्हींना पाणी लागतं.
तो मधोमध बसून राहिला.
आम्ही त्याच्या शेजारून गेलो, परत आलो,
अकरा मिनिटांत जिंकलो
आणि कुणी काही बोललं नाही.

"कोल्हापुराक भावाकडे ऱ्हवलंय मी गेल्या बंदीत,"
सुरंगी म्हणाली. एवढंच.
मग तिने चहात बोट बुडवलं
आणि सड्यावर एक तळं काढलं.
"पावसात होतत ना तळी."
नियम मंजूर.
पुढच्याच डावात गिऱ्याने दाजीला
वीतभर पाण्यात बुडवला,
आणि जूनपासून पहिल्यांदा
दाजी खदखदून हसला.

एक ऑगस्टला कंप्रेसर धडधडला.
लाद्या सुटल्या, बांगडा आला,
झाकणं कमी पडली.
पट होते ते धुवून खोक्यांवर चढले,
रंग आतल्या बाजूला.
लांब दातांचा सरदार आता माझ्या पावत्यांवर वजन म्हणून असतो.

चकव्याचा पट मडगावच्या टेम्पोत गेला.
टेम्पो संध्याकाळी सातला सुटला
आणि पहाटे दोनला
पुन्हा आमच्याच फाटकात उभा.
ड्रायव्हर म्हणाला, रस्ता तर सरळच होता.

वहीत मी लिहिलं: डिझेल, जादा, एकोणीस लिटर.
कारणाच्या रकान्याशी थांबून वर बघितलं
तर दाजी गोणीपाशी वाकून
जुन्या विडीच्या जागी
नवी ठेवत होता.
जुनी अर्धीच उरली होती.